रग्बीचा सराव आठवड्यातून दोनच दिवस? मग या चुका टाळा

सातारा जिल्ह्यात रग्बीची टीम उभी करायची तर पोरं गोळा करणं फार अवघड नाही. कबड्डीची, कुस्तीची, भरतीची तयारी करणारी पोरं गावोगावी आहेत. नड असते वेळेची. कुणाची एमआयडीसीत शिफ्ट, कुणाचं कॉलेज, कुणाला कोरेगावकडची शेवटची एसटी गाठायची. बुधवारी संध्याकाळी दीड तास आणि रविवारी सकाळी दोन तास हातात आले तरी नशीब. चैत्रात यात्रा सुरू झाल्या की त्यातलाही एखादा रविवार जातो.

एवढ्या वेळात टीम घडते. पण बहुतेक ठिकाणी निम्मा वेळ पोरांना जे आधीपासून येतं तेच पुन्हा करून घेण्यात जातो. आणि त्या येणाऱ्या गोष्टींतलं काय रग्बीत चालत नाही, हे मात्र त्यांना रेफरीच्या शिट्टीवरून कळतं. खालचं सगळं सेव्हन्सबद्दल, म्हणजे सात-सात जणांच्या रग्बीबद्दल आहे. आपल्याकडच्या टीमला पंधरा खेळाडू एका वेळी क्वचितच जमतात, तेव्हा सेव्हन्सच खेळा.

आल्या आल्या राउंड मारायला लावणं

पोलीस भरतीला मुलांना 1600 मीटर आणि 100 मीटर पळायचं असतं, मुलींना 800 आणि 100. सैन्यात जाऊ पाहणारा पोरगाही 1.6 किलोमीटरच्या मागे असतो. तुमच्या टीममधली निम्मी पोरं पहाटे यवतेश्वरचा घाट चढून आलेली असतात. त्यांना संध्याकाळी पुन्हा मैदानाला पाच राउंड मारायला लावून काय मिळवायचं?

सेव्हन्सची मॅच सात-सात मिनिटांच्या दोन हाफची. त्यात कुणी एका लयीत पळत नाही. वीस-तीस मीटर जीव खाऊन पळायचं, आपटायचं, उठायचं, पुन्हा पळायचं. हे राउंड मारून येत नाही. पहिल्या मिनिटापासून टच रग्बी लावा. टॅकलऐवजी (बॉलवाल्याला धरून खाली पाडण्याऐवजी) दोन हातांनी स्पर्श, बाकी सगळा खेळ तोच. तीन विरुद्ध दोन, चार विरुद्ध तीन, अशा मुद्दाम असमान बाजू ठेवा, म्हणजे मोकळा खेळाडू शोधायची सवय लागते. यात आणखी एक सोय आहे. शिफ्ट संपवून उशिरा आलेला पोरगा चालू खेळात घुसवता येतो. नाहीतर प्रत्येक उशिरा येणाऱ्यासाठी कोच पहिल्यापासून समजावत बसतो, आणि वेळेवर आलेले कंटाळून मोबाईल काढतात.

वॉर्म-अप मात्र गाळू नका. वर्ल्ड रग्बी या आंतरराष्ट्रीय संघटनेचा 'अ‍ॅक्टिव्हेट' नावाचा वॉर्म-अप फुकट उपलब्ध आहे. मानेचे, तोलाचे, उडी मारून नीट उतरण्याचे व्यायाम त्यात आहेत. इंग्लंडमधल्या शाळांच्या टीमवर त्याची चाचणी झाली, तेव्हा आठवड्यातून तीनदा तो करणाऱ्यांमध्ये डोक्याला मार बसण्याचं प्रमाण बरंच कमी आढळलं. सराव दोनच दिवस असेल तर तिसरा दिवस पोरांनी घरी करायचा. त्याला बॉल लागत नाही, मैदानही लागत नाही.

कबड्डीवाल्याला टॅकल येतो असं धरून चालणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पकड येते, भीती नसते, अंगावर जायची हौस असते. कोच खूश होतो आणि टॅकलचा सराव उडवून पासिंगकडे वळतो. मग पहिल्या स्पर्धेत पेनल्टीवर पेनल्टी जाते.

कबड्डीतलं काय उपयोगी आणि काय नडतं हे एकदा बसून वेगळं करा. अँकल होल्ड आणि थाय होल्ड सोन्यासारखे. रग्बीत खांद्याच्या रेषेखाली कुठंही हात गुंडाळून धरता येतं, आणि पळत्याचा घोटा पकडणारा पोरगा टीमला हवाच असतो. डॅश मात्र बंद. कबड्डीत चढाईवाल्याला खांद्यानं ढकलून बाहेर काढलं की टाळ्या. रग्बीत हात न गुंडाळता खांदा मारला की पेनल्टी, जोरात मारला तर कार्ड. सेव्हन्समध्ये यलो कार्ड म्हणजे दोन मिनिटं बाहेर. सहा जणांनी सात जणांना दोन मिनिटं थोपवायचं, तेवढ्यात दोन ट्राय (समोरच्यांच्या रेषेपलीकडं बॉल टेकवून मिळवलेले गुण) सहज बसतात.

दुसरी नड साखळीची. कबड्डीचं मैदान 13 बाय 10 मीटरचं. तिथं हातात हात धरून तिघांनी एकाला घेरणं शहाणपणाचं आहे. रग्बीच्या मैदानाची रुंदी 70 मीटरच्या घरात. सातातले तिघे एकावर पडले की उरलेल्या चौघांना ती सगळी राखायची असते. समोरच्यांनी दोन पास काढले की कोपरा उघडा. आपला विंगवाला (कडेला खेळणारा) त्या वेळी कुठं असतो? बहुतेकदा चौथा हात लावायला आत आलेला असतो.

तिसरी गोष्ट पटकन लक्षात येत नाही. कबड्डीत बचाव करणारे चढाईवाल्यासमोर मागे सरकतात, त्याला आत येऊ देतात, मग घेरतात. रग्बीत मागे सरकलेलं प्रत्येक पाऊल समोरच्याला फुकट मिळालेली जमीन असते. सगळ्यांनी एका ओळीत पुढं जायचं आणि त्याला विचार करायला वेळ द्यायचा नाही. तुमची टीम टॅकल चांगले करूनही दर वेळी दहा मीटर मागेच सापडत असेल, तर ही जुनी सवय आहे हे ओळखा. टॅकल सुधारून ती जाणार नाही. दोन कोनमधून ओळीनं 'वर!' म्हणत पाच पावलं पुढं येणं, एवढंच दहा मिनिटं करून घ्या.

आणि जमिनीवर पडल्यावरचं काय? चढाईवाला पकडला गेला तरी मधली रेषा गाठेपर्यंत धडपडतो, तेच त्याचं कौशल्य. रग्बीत खाली पडून धरला गेलास की बॉल लगेच सोडायचा. पोटाशी घेऊन पुढं सरपटला की शिट्टी. टॅकल करणाऱ्यानंही लगेच पकड सोडून बाजूला लोळायचं. पैलवानाला हे फार जड जातं. खाली घेतलेल्याला सोडायचं? त्याच्या अख्ख्या शिक्षणाच्या विरुद्ध आहे ते.

पैलवानाची गोष्ट वेगळीच सांगायला हवी. 1952 ला हेलसिंकीत ऑलिंपिकचं कांस्यपदक मिळवणाऱ्या खाशाबा जाधवांचं गोळेश्वर याच जिल्ह्यातलं. कराडकडच्या पोराला दुहेरी पट शिकवायला जाणं म्हणजे उगाच शोभा. पण पट काढून समोरच्याला उचलला आणि डोक्यावर किंवा पाठीवर आदळला, तर रग्बीत थेट रेड कार्डपर्यंत जातं. उचलायचं नाही, पाय गोळा करून आपल्या वजनानं खाली न्यायचं. दुसरं म्हणजे डोकं. कुस्तीत समोरचा सुसाट पळत आलेला नसतो, डोकं थोडं चुकलं तरी भागतं. रग्बीत डोकं समोर राहिलं तर त्याचा गुडघा किंवा कंबर तुमच्या कानशिलावर बसते. गाल त्याच्या कमरेच्या मागच्या बाजूला लागला पाहिजे.

हे शिकवायचं ते गुडघ्यावर बसवून. टॅकल करणारा दोन्ही गुडघ्यांवर, बॉलवाला त्याच्या बाजूनं नुसता चालत जाणार. खांदा मांडीला, गाल मागं, दोन्ही हात गुंडाळून घट्ट, मग बाजूला पाडायचं. पडल्याबरोबर टॅकल करणारा मोठ्यानं 'सोड' म्हणतो, हात उघडतो आणि लोळतो. बॉलवाला दोन्ही हातांनी बॉल आपल्या बाजूला लांब ठेवतो. उजवा खांदा चार वेळा, डावा चार वेळा. मग उकिडवं बसून, मग उभ्यानं चालत, मग हळू पळत. डावा खांदा टाळणारा पोरगा लगेच दिसतो. आपली विंग तिकडची असेल तर समोरची टीमही ते दुसऱ्या मिनिटाला ओळखते.

वीस जणांची एक रांग

शाळेतल्या पीटीची ही सवय अजून जात नाही. वीस जण एका रांगेत, प्रत्येकाची पाळी पंधरा सेकंदांची. म्हणजे एकाची पाळी पाच मिनिटांनी येते, वीस मिनिटांत चारदा. तेच पाच-पाच जणांचे चार गट केले तर सोळा वेळा. बॉल चार नसतील तर दोन गट पासवर, दोन गट गुडघ्यावरच्या टॅकलवर, आणि दहा मिनिटांनी अदलाबदल.

पासिंगमधली नेहमीची तक्रार म्हणजे फॉरवर्ड पास. रग्बीत हातानं बॉल पुढं देता येत नाही. कोच पास देणाऱ्याचे हात दुरुस्त करत बसतो. बघायचं असतं घेणाऱ्याकडे. तो उतावीळ होऊन बॉलवाल्याच्या बरोबरीनं किंवा पुढं पळत असतो, मग देणाऱ्याला पुढं देण्यावाचून इलाज उरत नाही. घेणाऱ्यानं चार-पाच मीटर मागं राहून, बॉल सुटल्यावर वेगात आलं की निम्मे फॉरवर्ड पास आपोआप बंद होतात.

मुलींच्या टीममध्ये खो-खोच्या खेळाडू असतील तर त्यांना चकवा शिकवायच्या फंदात पडू नका. पळता पळता अंग काढून घेणं त्यांना तुमच्याहून चांगलं येतं. त्यांच्या हातात फक्त बॉल द्या, दोन्ही हातांत धरायला लावा.

यूट्यूबवरच्या चाली

2025 च्या जूनमध्ये मुंबईत रग्बी प्रीमियर लीग झाली. परदेशातले सेव्हन्सचे नामी खेळाडू आले, पोरांनी रील्स पाहिल्या आणि आता प्रत्येकाला टॅकलमध्ये असताना एका हातानं बॉल पास करायचा असतो. करू द्या, टच खेळताना. मॅचमध्ये नाही. कोचलाही हा मोह असतोच, पंधराच्या रग्बीतला लाइनआउट (बाहेर गेलेला बॉल दोन रांगांमध्ये आत फेकणं), आठ जणांचा स्क्रम (एकमेकांना धरून, ढकलत बॉल मिळवणं), तीन नावांच्या तीन चाली. सेव्हन्सच्या स्क्रममध्ये दोन्हीकडून तिघे-तिघेच असतात. बॉल आत, बॉल बाहेर, संपलं. लाइनआउटही मोजकेच होतात.

त्याऐवजी किक-ऑफला, म्हणजे खेळ सुरू करणाऱ्या किकला, वेळ द्या. सेव्हन्समध्ये ट्राय केलेली टीमच पुन्हा किक मारते, पंधराच्या खेळात याच्या उलट असतं. म्हणजे ट्राय केल्यावर बॉल परत मिळवायची संधी दर वेळी तुमच्याच पायाशी येते. किक 10 मीटरच्या पुढं गेलीच पाहिजे, ती उंच हवी आणि आपली दोन पोरं बॉलखाली पोचतील इतकाच वेळ हवेत हवी. आखूड पडली किंवा थेट मैदानाबाहेर गेली तर समोरच्यांना मधोमध फ्री किक. कन्व्हर्जनही (ट्रायनंतरची जादा गुणांची किक) ड्रॉप किकनंच, म्हणजे बॉल जमिनीवर टाकून उसळताच, मारायचं असतं. त्यामुळे एकाच पोराला ड्रॉप किक पक्की बसली की दोन कामं होतात. त्याला बॉल घरी नेऊ द्या. किक हा एकट्यानं करायचा सराव आहे, टीमच्या साडेतीन तासांतला वेळ त्याला देऊ नका.

कडक जमिनीवर टॅकल

दिवाळीनंतर आपल्याकडची मैदानं फरशीसारखी होतात. तिथं पूर्ण टॅकल करून घेतले तर कोपरं, गुडघे आणि पोरांचा उत्साह, तिन्ही सोलून निघतात. भरतीची तारीख जवळ आलेला पोरगा तर दुसऱ्या दिवशी येतच नाही, आणि त्याचं बरोबर आहे. लांब उडीचा वाळूचा खड्डा, तालमीतली माती, तालुका क्रीडा संकुलातली कबड्डीची मॅट, जे मिळेल ते मागून घ्या. जून ते सप्टेंबर मैदान मऊ असतं, तेव्हा टॅकल आणि रकचा (जमिनीवरच्या बॉलसाठी उभ्यानं भिडण्याचा) सराव उरकून घ्यावा. तसाही ओल्या बॉलनं पासिंग सुधारत नाही. पासिंग आणि ओळीनं पुढं येणं कोरड्या महिन्यांत.

'पाणी मार आणि परत ये'

इथं घाई नको. डोक्याला मार बसला आणि पोरगा अडखळतोय, नजर स्थिर नाही, स्कोअर दोनदा विचारतोय, यातलं एक जरी दिसलं तरी बाहेर. त्या दिवशी परत नाही, आणि डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय सरावातही टॅकल नाही. 'सर, मी ठीक आहे' हे त्याचं म्हणणं धरायचं नसतं. बेशुद्ध झाला नाही म्हणजे काही झालं नाही, हा समज पालकांनाही असतो. घरी एकट्याला मोटारसायकलवर पाठवू नका आणि घरच्यांना फोन स्वतः करा. माउथगार्ड सगळ्यांना हवाच, पण तो दात वाचवतो. डोक्याचा भरवसा त्यावर ठेवू नये.

लांबलचक भाषण

हाफ टाइम दोन मिनिटांचा. पाणी पिण्यात एक जातं. उरलेल्या एका मिनिटात एकच गोष्ट सांगा, तीही मैदानावर दिसलेली: 'डावीकडचा त्यांचा पोरगा आत येतोय, बॉल तिकडं न्या.' सरावातही तेच. खेळ थांबवून पाच मिनिटं बोललात तर घाम सुकतो आणि पुन्हा वॉर्म-अप करायची वेळ येते.

कमी पोरं आली म्हणून सराव रद्द करणं

बुधवारी सहाच जण आले तर मेसेज टाकून सगळ्यांना घरी पाठवायचा मोह होतो. सहा जणांत तीन विरुद्ध तीन टच उत्तम होतो, अर्ध्या मैदानावर, प्रत्येकाच्या हाताला बॉल जास्त लागतो. चारच आले तर दोन विरुद्ध एक, एक जण आलटूनपालटून बाहेर. दोघंच आले तर ड्रॉप किक, एकानं मारायची आणि दुसऱ्यानं पळत येऊन हवेत झेलायची.