डबलबारीचं रेकॉर्डिंग: फॉरमॅट झांजेवर पारखा

डबलबारीचं, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याचं, रेकॉर्डिंग कुठल्या फॉरमॅटमध्ये ठेवायचं, हे बुवांच्या गळ्यावरून ठरवू नका. गळा आणि पेटी १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ हजार बिट) एमपी३मध्येही निभावून जातात. खरी परीक्षा घेते ती झांज.

करून बघा. रेकॉर्डरमधली मूळ, न दाबलेली वेव्ह फाइल ऑडासिटी या आवाज कापण्या-जोडण्याच्या प्रोग्रॅममध्ये उघडा आणि गजर टिपेला पोचतो तिथला वीसेक सेकंदांचा तुकडा कापा. त्याच्या फ्लॅक (काहीही न गमावता दाबणारा फॉरमॅट), एमपी३ ३२०, एमपी३ १२८ आणि ओपस ९६ (एमपी३सारखाच, पण नवा फॉरमॅट) अशा प्रती काढा; आकडे केबीपीएसचे. हेडफोन वायरचाच घ्या; ब्लूटूथ स्वतःच आवाज पुन्हा दाबतो, मग तुलना कसली करणार? फाइली दुसऱ्या कुणाला तरी लावायला सांगा, नावं न दाखवता.

१२८ला झांजेची किणकिण सुटी ऐकू येत नाही, नुसती सळसळ होते. त्या दराला एनकोडर, म्हणजे आवाज दाबणारा प्रोग्रॅम, बहुधा १६ किलोहर्ट्झच्या वरचं छाटतो आणि खालच्या आवाजालाही बिट पुरत नाहीत. पखवाजाच्या थापेआधी हलकी फसफस येते, तीही तिथलीच. "झांज पत्र्यासारखी कित्याक वाजता रे?" असं आमच्याकडचे बुवा विचारतात ते उगाच नाही. ३२०ला मला तरी फरक कळत नाही. 'आम्हाला कळतो' म्हणणारे भेटतात. नावं झाकली की बहुतेक गप्प होतात.

आता जागेचं. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट स्टिरिओ वेव्ह मिनिटाला साधारण १० एमबी खाते, म्हणजे चार तासांची बारी अडीच जीबीची. फ्लॅक एकही बिट न गमावता ती निम्म्या-पाऊणवर आणतो. गजर दणदणीत असेल तर बचत कमी. एमपी३ ३२० सुमारे ५७५ एमबी, १२८ची २३०, ओपस ९६ची १७५च्या आत. एवढ्याशा जागेतही ओपस झांज १२८च्या एमपी३पेक्षा नीट सांभाळतो. मुंबईच्या चाकरमान्यांना मोबाइलवर पाठवायला तोच घ्या. गाडीतल्या जुन्या स्टिरिओला मात्र तो बहुधा कळतच नाही, तिथे एमपी३.

२४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर चार तास उलटले की वेव्हची ४ जीबीची हद्द लागते. रेकॉर्डरने फाइलचे तुकडे पाडले तर दचकू नका, नंतर जोडता येतात.

प्रत्येक प्रत फ्लॅकवरूनच काढा. एमपी३चा फ्लॅक केलात तर फाइल तेवढी फुगते, गेलेली झांज परत येत नाही. फ्लॅक दोन ठिकाणी उतरवून, उघडून ऐकल्याशिवाय कार्ड पुसू नका, दुसऱ्या दिवशी बारी असली तरी.