परदेशी साइटवरून प्रवासाची तिकिटं कशी काढावीत

डिसेंबर उलटला की पार्ल्यातल्या आमच्या सोसायटीत कुणाच्या ना कुणाच्या घरी मे महिन्याची आखणी सुरू होते आणि मंडळी वही घेऊन माझ्याकडे येतात. गेली बारा वर्षं घरची, बहिणीकडची आणि शेजाऱ्यांची युरोप-जपानची तिकिटं मीच काढते. येणारा प्रत्येक जण कुठलातरी सल्ला ऐकून आलेला असतो. व्हीपीएन लावून, म्हणजे आपण दुसऱ्या देशात आहोत असं भासवून, साइट उघडा, खासगी विंडोत शोधा, मंगळवारी मध्यरात्री बुक करा. यातल्या एकाही गोष्टीने मला आजवर पैसे वाचवून दिलेले नाहीत. पैसे वाचतात ते गाडी जो चालवतो त्याच्याकडूनच तिकीट घेतल्याने, आणि पैसे भरायच्या शेवटच्या पानावर चूक न केल्याने. यातलं पहिलं सोपं आहे. दुसऱ्यात मी स्वतः पैसे घालवले आहेत, म्हणून त्यावरच जास्त लिहिते आहे.

काय घ्यायचं, काय नाही

मुंबईहून निघणारं विमान परदेशी साइटवर शोधत बसू नका. विमानाचं भाडं मुख्यतः प्रवास कुठून सुरू होतो यावर ठरतं, तुम्ही साइट कुठून उघडली यावर नाही. मुंबई-फ्रँकफर्टचं तिकीट जर्मन पानावर पाहिलं तरी बहुतेक वेळा तेच भाडं युरोत फिरवून दाखवलेलं असतं. ते भारतीय साइटवर रुपयांत घ्या, परकीय चलनातल्या खर्चावर बँक लावते तो आकार वाचेल. आणि कुठेतरी दुसऱ्या देशातून सुरू होणारं स्वस्त तिकीट घेऊन पहिला टप्पा सोडून द्यायचा विचार असेल, तर तो आताच सोडा. पहिल्या विमानात बसला नाहीत की पुढचे सगळे टप्पे रद्द होतात.

परदेशी साइटचा खरा उपयोग त्या देशात पोहोचल्यावरच्या प्रवासाला होतो: ट्रेन, बस, म्युझियम, लहान हॉटेलं. रेल्वे कंपन्या म्हणाल तर जर्मनीत डॉइच बान, ऑस्ट्रियात ओबीबी, स्वित्झर्लंडमध्ये एसबीबी, इटलीत त्रेनितालिया आणि इतालो, फ्रान्समध्ये एसएनसीएफ. या सगळ्यांच्या साइट इंग्रजीत चालतात आणि तिकीट पीडीएफ म्हणून मेलवर येतं. एसबीबीच्या सुपरसेव्हर तिकिटावर ७० टक्क्यांपर्यंत सूट असते. मधल्या विक्रेत्याच्या साइटवर ही तिकिटं कधी दिसतच नाहीत, कधी दिसतात पण वर सेवाशुल्क लागतं.

ज्याने गणपतीला कोकणातली गाडी धरली आहे त्याला हे समजवावं लागत नाही. आपल्याकडे साठ दिवस आधी सकाळी आठला बुकिंग उघडतं आणि काही मिनिटांत वेटिंग लागतं. तिथेही स्वस्त तिकिटांचा कोटा ठरलेला असतो. तो संपला की वेटिंग लागत नाही, दर चढतो. त्याच गाडीच्या त्याच डब्यात शेजारचा माणूस तुमच्या तिप्पट पैसे देऊन बसलेला असू शकतो.

पास घ्यायच्या आधी मात्र कागदावर बेरीज करा. जपानचा सात दिवसांचा रेल्वे पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून ५०,००० येनवर गेला. टोकियो-क्योटो जाऊन-येऊन साधारण २८,००० येन होतात. फक्त ही दोन शहरं बघणाऱ्याने तो पास घेऊ नये. तरीही दहा वर्षांपूर्वीचा सल्ला ऐकून लोक तो अजून घेतात, याचं मला फार वाईट वाटतं.

टूर कंपनीच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आधीच गोळा करायचा प्राप्तिकर, लागतो. विमान, हॉटेल, इतर खर्च यांतल्या किमान दोन गोष्टी एकत्र विकल्या की ते पॅकेज धरलं जातं. नुसतं तिकीट किंवा नुसतं हॉटेल पॅकेजमध्ये मोडत नाही. टीसीएस रिटर्न भरताना वळता होतो हे खरं, पण तोवर पैसे अडकून राहतात.

खरी साइट

गुगलवर सर्वांत वर येतात त्या जाहिराती. खाली जा. २०२५ साली व्हॅटिकन म्युझियमचं तिकीट त्यांच्या स्वतःच्या साइटवर २० युरो आणि ऑनलाइन बुकिंगचे ५, असं २५ युरोला होतं. वर दिसणाऱ्या विक्रेत्यांकडे त्याच प्रवेशाचे बरेच जास्त पैसे पडतात.

फॉर्म

पासपोर्ट समोर ठेवा आणि नाव त्यावरूनच उतरवा. आपल्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या ओळीत स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव बहुतेकदा एकत्र छापलेलं असतं. ते दोन्ही पहिल्या नावाच्या रकान्यात टाका. अमेरिकन साइटवर ०५/०६ म्हणजे ५ जून नव्हे, ६ मे. जर्मन पानावर १.२३४,५० दिसलं तर ते बाराशे चौतीस युरो पन्नास सेंट, टिंब आणि स्वल्पविराम उलटे असतात. पानाचं आपोआप होणारं भाषांतर शोधताना चालू ठेवा, पण फॉर्म आणि पेमेंट येताच बंद करा. त्याने बटणं अडकतात. आणि जर्मन तिकिटावर 'त्सूगबिंडुंग' असा शब्द असेल तर तुम्ही त्याच गाडीला बांधलेले आहात. तुमच्या चुकीने गाडी सुटली तर तिकीट गेलं.

पैसे भरणं

आता मुख्य भाग. हा घाईत, ऑफिसमधून निघताना लोकलमध्ये उभ्याने करायचा नाही. घरी बसून, दोन कार्डं समोर ठेवून करायचा.

आदल्या रात्री बँकेचं ॲप उघडून कार्डावरचे आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार चालू करा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० सालच्या नियमापासून नवं कार्ड फक्त देशातल्या वापरापुरतं सुरू होऊन येतं, बाकीचं आपण चालू करायचं असतं. मर्यादा लागेल तेवढीच ठेवा. चाळीस हजारांची तिकिटं असतील तर पन्नास हजार. वर कशाला?

कार्ड कोणतं, हे तिकिटापेक्षा आधी ठरवा. बऱ्याच क्रेडिट कार्डांवर परकीय चलनाचा आकार ३.५ टक्के असतो आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे एक लाखाच्या खरेदीवर ३,५०० अधिक ६३०, एकूण ४,१३० रुपये. दोन टक्के आकाराच्या कार्डावर हेच २,३६० होतात. काही कार्डांवर हा आकारच नसतो. तुमच्या कार्डाचा आकडा बँकेच्या शुल्कपत्रकात छापलेला असतो. तो पाहिल्याशिवाय 'तिकडे स्वस्त पडतं' असं म्हणू नका. तिकिटात तीन टक्के वाचवायचे आणि कार्डावर चार टक्के द्यायचे, हा हिशेब मी अनेकांच्या वहीत पाहिला आहे.

यापुढे येतो तो रुपयांचा पर्याय, आणि माझे पैसे इथेच गेले. २०१९ च्या मार्चमध्ये मी म्युनिक ते व्हेनिस अशी चार जणांची तिकिटं काढत होते. एकूण २३६ युरो. कार्डाचा नंबर टाकल्यावर पानावर दोन गोल आले, एकापुढे युरोची रक्कम, दुसऱ्यापुढे रुपयांची. रुपयांचा गोल आधीच भरलेला होता. खाली बारीक करड्या अक्षरांत दर लिहिला होता. मला वाटलं, रुपयांत रक्कम पक्की कळते आहे, हेच बरं. मी पुढे गेले. महिन्याने स्टेटमेंट आलं तर त्या रकमेखाली आणखी दोन ओळी: परदेशी दुकानदाराला रुपयांत पैसे दिल्याचा आकार, आणि त्यावर जीएसटी. पेन घेऊन बसले आणि त्या दिवशीच्या युरोच्या दराशी ताळा केला. अठरा हजारांच्या तिकिटांवर जवळजवळ दीड हजार रुपये जादा गेले होते.

याला डीसीसी, म्हणजे डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात. चलन बदलण्याचं काम तुमच्या बँकेऐवजी समोरच्या साइटची पेमेंट कंपनी करते आणि दरात स्वतःचा नफा घालते. दुकानदार परदेशातला असल्यामुळे आपल्याकडच्या अनेक बँका वर आणखी साधारण एक टक्का आणि जीएसटी लावतात. म्हणजे रुपयांत भरूनही दोन्हीकडून कात्री लागते. म्हणून माझा नियम एकच: गाडी ज्या देशात धावते, त्या देशाच्या पैशात भरायचं. युरोची तिकिटं युरोत, स्विस तिकिटं फ्रँकमध्ये, जपानची येनमध्ये. 'आजचा दर चांगला आहे', 'रक्कम निश्चित राहील' अशा शब्दांत साइट समजावते, तिथे थांबू नका.

खात्री करायची असेल तर पानावरच्या रुपयांच्या रकमेला युरोच्या रकमेने भागा. व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोघांच्या साइटवर दर काढायचा कॅल्क्युलेटर आहे आणि त्यात बँकेच्या आकाराची टक्केवारीही घालता येते. दोन आकडे शेजारी ठेवले की पुन्हा कुणाला विचारावं लागणार नाही. हॉटेलच्या साइटवर हा फास पहिल्या पानापासूनच असतो, सगळे दर रुपयांत दिसत असतात. वरच्या कोपऱ्यातलं चलन सुरुवातीलाच बदलून घ्या. परदेशात एटीएम किंवा दुकानातलं मशीन हाच प्रश्न विचारेल, तिथेही उत्तर हेच.

दुसरी अडचण ओटीपीची. काही साइटवर ओटीपी येतो, काहींवर येतच नाही आणि पैसे थेट जातात. काहींवर ओटीपी टाकल्यावर गोल चाक फिरत राहतं. त्या चाकाकडे बघताना हात आवरा. क्योटोच्या एका हॉटेलसाठी मी असंच तीनदा बटण दाबलं. बुकिंग एकही झालं नाही, पण रक्कम कार्डावर तीनदा अडकली आणि मर्यादा संपली. त्याच आठवड्यात एका म्युझियमची तिकिटं उघडणार होती, ती त्या कार्डाने घेता आली नाहीत. अडकलेली रक्कम आपोआप सुटली, पण त्याला नऊ दिवस लागले.

म्हणून पान अडकलं तर आधी बँकेचा मेसेज बघा, मग मेल, मग मेलमधला स्पॅम, मग साइटवरची 'माझी बुकिंग'. कुठेच तिकीट नसेल, तरच पुन्हा प्रयत्न करा, आणि तोही दुसऱ्या कार्डाने. एक व्हिसाचं, एक मास्टरकार्डचं असं जवळ असावं. रुपे कार्ड युरोपातल्या बऱ्याच साइटच्या पर्यायांत नसतं. डेबिट कार्ड मी कधीच वापरत नाही. पैसे अडकले तर ते पगाराच्या खात्यातले अडकतात. क्रेडिट कार्डावर व्यवहाराला हरकत घ्यायची झाली तर तोवर खिशातून काही गेलेलं नसतं. परदेशी कंपनीशी भांडायला इथे बसून दुसरा फारसा मार्ग नाही.

रद्द केलेल्या तिकिटाचे पैसे परत येतात ते त्या दिवशीच्या दराने, आणि चलनाचा आकार व त्यावरचा जीएसटी बहुतेक वेळा परत येत नाही. 'रद्द करता येतं' म्हणजे फुकट रद्द होतं, असं धरू नका.

व्हिसा आधी, स्वस्त तिकीट नंतर

यावर माझ्याशी वाद घालणारे खूप आहेत, पण मी बदलणार नाही. जर्मनीचं सुपर श्पारप्राइस किंवा ऑस्ट्रियाचं श्पारशीने यांसारखी सर्वांत स्वस्त तिकिटं रद्द होत नाहीत. युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, तो लवकर करा. जून २०२४ पासून त्याची फी ९० युरो आहे आणि व्हिसा नाकारला तर ती परत मिळत नाही. तिच्यासोबत चार जणांची ट्रेनची तिकिटंही बुडवायची का? अर्जात मुक्कामासाठी रद्द करता येणारं हॉटेल चालतं. व्हिसाचा शिक्का पासपोर्टवर दिसला की त्याच संध्याकाळी ट्रेनची तिकिटं काढा. कोटा थोडा कमी उरला असेल, दोन-चार युरो जास्त जातील. एवढं द्यायला मी तयार असते.

तिकीट आलं की पीडीएफ उघडा आणि नावं, तारीख, स्टेशन पासपोर्ट समोर ठेवून मोठ्याने वाचा. म्युनिकमध्ये एकाच शहरात अनेक स्टेशनं आहेत, 'हाउप्टबानहोफ' म्हणजे मुख्य स्टेशन. एक प्रत छापून घ्या, एक घरी राहणाऱ्या माणसाला पाठवा. साइटवर कार्ड साठवू नका. आणि लगेच बँकेचं ॲप उघडून काल रात्री चालू केलेले आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद करा.