टर्बो गेला म्हणायच्या आधी: डिझेल पिकअपच्या व्हीजीटीची पाती अडकलीत का ते कसं बघायचं

पिकअप ओढेना झाली, चेक लाइट लागला, की कोणीतरी बॉनेट उघडून लगेच निकाल देतं, "टर्बो गेला, नवीन टाका". व्हीजीटी, म्हंजे आत हलती पाती असलेल्या टर्बोत दरवेळी असं नसतं. बऱ्याचदा टर्बोची शाफ्ट, बेअरिंग सगळं ठणठणीत असतं, फक्त आतली पाती काजळीने नाहीतर गंजाने जाम झालेली असतात आणि कधीकधी तर तेही नसतं, एखादा पाइप फाटलेला असतो.

आधी हे चालतं कसं ते थोडक्यात. टर्बाइनच्या, म्हंजे इंजिनच्या धुराने फिरणाऱ्या चाकाभोवती छोटी पाती गोलाकार बसवलेली असतात आणि एक रिंग फिरली की सगळी एकदम फिरतात. आरपीएम कमी असताना पाती मिटतात, वाट अरुंद होते, मग थोडासाच धूर असला तरी जोरात चाकावर आदळतो आणि बूस्ट (इंजिनात ढकललेल्या हवेचा दाब) लवकर तयार होतो. आरपीएम वाढला की पाती उघडतात, नाहीतर धूर तुंबेल आणि बूस्ट हाताबाहेर जाईल. सगळ्यांची रचना अशीच नसते हं, कमिन्सच्या ६.७ लिटर इंजिनवरच्या होल्सेट टर्बोत पाती जागेवर फिरत नाहीत, तिथे अख्खी नोझल रिंगच पुढेमागे सरकते. पण जाम व्हायची गोष्ट तिथेही तीच.

म्हणून लक्षणं नीट बघा, त्यातच अर्धं उत्तर असतं. पाती उघडी राहून अडकली असतील तर खालच्या आरपीएमला गाडी मेल्यासारखी वाटते, एक्सलरेटर दाबला की काळा धूर निघतो आणि २०००-२५०० च्या पुढे गेल्यावर अचानक जीव आल्यासारखी पळते. मिटलेली अडकली असतील तर उलटं, सुरुवातीला मस्त ओढते पण चढावर लोड घेऊन जाताना बूस्ट जास्त होतो आणि गाडी लिंप मोडला जाते (इंजिन वाचवायला ताकद आपोआप कमी केली जाते), मग बंद करून चालू केली की परत ठीक. हा बंद-चालूचा खेळ ज्यांच्याकडे रोज चाललाय त्यांनी पुढचं जरा लक्ष देऊन वाचा.

गाडीचे एरर कोड वाचणारा स्कॅनर लावा. पी०२९९ म्हंजे बूस्ट कमी पडतोय, पी०२३४ म्हंजे जास्त होतोय, पी२५६३ आला तर टर्बोच्या पोझिशन सेन्सरचं काहीतरी जुळत नाहीये. पण कोड टर्बोचं नाव घेतो म्हणून टर्बोच दोषी असं नाही. इंजिन बंद, चावी ऑन ठेवून मॅप सेन्सरचा (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) आकडा बघा, समुद्रसपाटीला तो १०० केपीएच्या जवळपास पाहिजे, उंचावर असाल तर कमी. हाच आकडा भलता दाखवत असेल तर बिचारा टर्बो निर्दोष आहे, सेन्सर खोटं बोलतोय.

मग पाइप. इथे मी स्वतः शहाणपणा केलेला आहे, पी०२९९ बघितला आणि थेट टर्बो उतरवायला घेतला, पूर्ण दिवस घालवला, दोन गंजलेले बोल्ट तोडले आणि टर्बो हातात आला तर पाती लोण्यासारखी फिरत होती. इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली हवा थंड करणारा भाग) होजला खालच्या बाजूने, जिथे नजर जात नाही तिथे, चीर पडली होती. इंजिन आयडलला असताना ती मिटलेली, प्रेशर आलं की उघडायची. तेव्हापासून मी आधी सगळे होज हाताने दाबून, वाकवून, खालून आरसा धरून बघतो, तेलकट ओला डाग जिथे दिसेल तिथे संशय घ्यायचा. एअर फिल्टरही याच वेळी बघून टाका.

आता ॲक्च्युएटर, म्हंजे पाती हलवणारा भाग. व्हॅक्यूमवाला असेल तर काम सोपं, हाताने चालवायचा व्हॅक्यूम पंप आणा, त्याची नळी ॲक्च्युएटरला जोडा आणि हळूहळू खेचा. रॉड एकसारखी, न अडखळता सरकली पाहिजे आणि व्हॅक्यूम सोडल्यावर तशीच परत आली पाहिजे. पंपाचा काटा आपोआप पडत असेल तर आतला डायफ्राम फाटलाय. काटा टिकतोय पण रॉड झटके खात जातेय किंवा मधेच थांबतेय, तर ॲक्च्युएटर सुटा करून नुसता टर्बोचा लिव्हर हाताने हलवून बघा, लिव्हर जड असला तर पाती जाम, लिव्हर हलका असला तर भानगड ॲक्च्युएटरची. आणि पंप लावल्यावर सगळं छान चालतंय पण गाडीवर चालत नाही, तर व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या आणि सोलेनॉइड (व्हॅक्यूम सोडणारा-रोखणारा विजेचा व्हॉल्व्ह) तपासा. तिथला तो छोटा स्टॉप स्क्रू मात्र फिरवू नका, तो पात्यांची किमान फट ठरवतो, एकदा हलला की परत सेट करणं घरच्या घरी जमत नाही.

इलेक्ट्रॉनिक ॲक्च्युएटर असेल तर जोडलेल्या अवस्थेत लिव्हरला स्क्रू ड्रायव्हर लावून जोर करायचा नाही, आतले गिअर तुटतात. स्कॅनरमधून कमांड देऊन हलवा आणि मागितलेली पोझिशन आणि खरी पोझिशन यात किती फरक पडतोय ते बघा.

पाती जामच आहेत हे पक्कं झालं तर टर्बो उतरवा, गाडी पूर्ण थंड झाल्यावर. खोलायच्या आधी टर्बाइन हाउसिंग आणि मधल्या भागावर सरळ एक रेघ मारून ठेवा, नाहीतर परत बसवताना कोन चुकतो आणि एकही पाइप जुळत नाही. फक्त गरम, म्हंजे टर्बाइनची बाजू उघडायची. कॉम्प्रेसरच्या (हवा दाबणाऱ्या) चाकाच्या नटला हात लावू नका, त्याचं बॅलन्सिंग बिघडलं तर लाखाच्या वर आरपीएमने फिरणारी वस्तू आहे ती. पेनिट्रेटिंग ऑइल मारून रात्रभर ठेवा, मग काजळी ब्रशने आणि क्लीनरने काढा, जिथे पाती बसतात तिथली जागा खरवडू नका. गंज असेल तर बारीक स्कॉच ब्राइट (घासायचा पॅड) पुरतं. फोर्डच्या ६.० लिटर पॉवर स्ट्रोकवर रिंग गंजून चिकटणं हा नेहमीचाच आजार होता, तिथे रिंग हाउसिंगमधे फिरते तो कडा आवर्जून साफ करावा लागतो. साधं ग्रीस आत अजिबात लावू नका, पहिल्याच लोडला जळून त्याचीच काजळी होईल.

आत गेलाच आहात तर शाफ्टही बघा. पुढेमागे ओढल्यावर खेळ जवळपास नसलाच पाहिजे, आडवा किंचित चालतो, पण चाक कुठेही घासलेलं दिसलं तर साफसफाईचा काही उपयोग नाही, तो टर्बो खरंच गेलाय.

बसवताना गॅस्केट नवीन, ऑइलची येणारी आणि परत जाणारी दोन्ही नळ्या मोकळ्या आहेत ना ते बघून, आणि टर्बोच्या ऑइलच्या भोकात थोडं स्वच्छ इंजिन ऑइल ओतून चाक हाताने फिरवा. इंजिन लगेच चालू करू नका, डिझेल बंद ठेवून थोडं क्रँक करा म्हंजे ऑइल प्रेशर येईल. इलेक्ट्रॉनिक ॲक्च्युएटर काढला किंवा बदलला असेल तर कॅलिब्रेशन लागतं, ते न करता गाडी काढली तर तोच कोड परत येणार आणि तुम्ही सफाईला शिव्या देणार.

मग लोड टाकून चढावर टेस्ट घ्या, स्कॅनरवर मागितलेला आणि खरा बूस्ट दोन्ही चालू ठेवा, दोन रेषा बरोबरीने चढल्या पाहिजेत. आणि काही महिन्यांतच पाती परत जाम झाली तर पुन्हा टर्बो उतरवू नका, काजळी येतेय कुठून ते शोधा, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलाय का, इंजेक्टर गळतोय का, की गाडी दिवसभर नुसती आयडलला उभी असते.