जर्मनीचं ब्लू कार्ड: मला सतत विचारले जाणारे प्रश्न

मी चिंचवडची. श्टुटगार्टजवळ एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत डिझाइनचं काम करते. घरून फोन आला की तब्येतीची चौकशी झाल्यावर पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "अगं, आमच्या अमक्याच्या मुलाला तिकडे यायचंय, जरा सांग ना काय काय लागतं." तेच ते व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करून बोटं दुखली, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते. ब्लू कार्ड म्हणजे पदवीधरांना इथे राहून नोकरी करण्यासाठी मिळणारा परवाना. हे लिखाण अभियंते, आयटीवाले आणि त्यांच्यासारख्या पदवीधरांसाठी आहे. डॉक्टर आणि नर्स यांना इथे आधी व्यवसायाची मान्यता आणि चांगलं जर्मन लागतं, त्यांचा रस्ता वेगळा.

एजंटला किती द्यायचे?

काहीच नाही. व्हिसाचं सरकारी शुल्क 75 युरो आहे. निकाल लागतो तो नोकरीचा करार, पदवी आणि पगार या तीन गोष्टींवर, आणि यातली एकही एजंटच्या हातात नसते. "नोकरी नंतर बघू, आधी व्हिसा काढून देतो" असं कुणी म्हणालं तर चहा पिऊन उठावं. ब्लू कार्डासाठी किमान सहा महिन्यांचा करार हातात असावाच लागतो. नोकरी शोधायला येण्यासाठी 'चान्सेनकार्टं' नावाचं वेगळं कार्ड जून 2024 पासून निघालं आहे. त्यात गुण मोजतात आणि वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधी दाखवावे लागतात. दोन्हींची गल्लत करू नका.

माझी पदवी चालेल का?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, आणि खरं तर हे घरी बसून तासाभरात तपासता येतं. 'अनाबिन' नावाची जर्मन सरकारी नोंदवही इंटरनेटवर फुकट आहे. दोनदा शोधायचं: एकदा संस्था, एकदा पदवी. संस्थेपुढे 'एच प्लस' हवं. पदवीपुढे 'एंटश्प्रिश्ट' किंवा 'ग्लाइशवेर्टिग' यांपैकी एक शब्द हवा. दोन्ही पानं छापून अर्जाला जोडायची.

आपली मुलं कॉलेजचं नाव शोधतात आणि सापडत नाही म्हणून हातपाय गाळतात. अरे, पदवी कॉलेज देत नाही, विद्यापीठ देतं! प्रमाणपत्रावर वर कुणाचं नाव छापलंय ते बघा. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी कॉलेजचंच घ्या. 2022 मध्ये ते स्वतंत्र विद्यापीठ झालं, त्याआधीच्या मुलांच्या प्रमाणपत्रावर पुणे विद्यापीठ आहे. म्हणजे एकाच इमारतीत शिकलेल्या दोन भावंडांनी वेगवेगळी नावं शोधायची.

नोंद सापडलीच नाही, तर 'झाब' या कार्यालयाकडून पदवीचं मूल्यांकन करून घ्यायचं. त्याचं शुल्क 208 युरो. वेळ लागतो, म्हणून करार हातात यायची वाट न बघता अर्ज टाका.

पॉलिटेक्निकचा डिप्लोमा ही इथल्या हिशेबात पदवी नाही, त्यावर ब्लू कार्ड मिळत नाही. आयटीत मात्र एक सवलत आहे: गेल्या सात वर्षांत किमान तीन वर्षांचा पदवीच्या तोडीचा अनुभव असेल, तर पदवी नसली तरी चालते. अनुभवपत्रात नुसतं 'चांगला मुलगा होता' नको, प्रत्यक्ष काय काम केलं ते लिहून घ्या.

पगार किती हवा?

दरवर्षी जानेवारीत आकडा बदलतो, जुन्या व्हिडिओंवर विसंबू नका. 2026 साठी वर्षाला 50,700 युरो. टंचाईच्या व्यवसायांना, म्हणजे अभियंते, आयटी वगैरे, आणि पदवी घेऊन तीन वर्षं न झालेल्यांना 45,934 युरो 20 सेंट. हो, वीस सेंटसुद्धा. कराराचा आकडा 45,900 असेल तर अर्ज अडतो, तेव्हा कंपनीला आधीच सांगून वर सरकवून घ्या. एवढ्यासाठी इथली कंपनी कधी नाही म्हणत नाही, पण मागायला आपल्याला संकोच वाटतो.

मोजतात तो करारात पक्का लिहिलेला, कर कापण्याआधीचा पगार. 'कामगिरीनुसार बोनस' त्यात धरत नाहीत. आपल्याकडचं सीटीसीचं गणित डोक्यातून काढून टाका. कर आणि विमा कापून एकट्या माणसाच्या हातात दोन तृतीयांशाहून थोडं कमीच येतं. युरोला शंभरने गुणून पेढे वाटणाऱ्या काकांना हे आधी सांगा.

एवढा पगार नसेल तरी सगळं संपत नाही. पदवीधरांसाठी साधा कुशल कामगार परवानाही असतो, त्याला असा ठरावीक आकडा नाही. फक्त वयाची 45 ओलांडून पहिल्यांदा येणाऱ्यांना त्यात 2026 साठी 55,770 युरो किंवा पुरेशा पेन्शनचा पुरावा लागतो.

अपोस्टिल करून ठेवू का?

थांबा! अपोस्टिल म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात दाखवायचा सरकारी शिक्का. भारतीय कागदांवरचं अपोस्टिल जर्मनी मानत नाही. भारत अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आला तेव्हा जर्मनीने आक्षेप नोंदवला, तो अजून तसाच आहे. तरी फोर्टातल्या गल्ल्यांमधून लोक जर्मनीसाठी अपोस्टिल करून घेतातच. वकिलातीच्या यादीत जे लिहिलंय तेवढंच करा.

त्यापेक्षा नावांकडे बघा. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टात शेवटी, आणि लग्नानंतर पासपोर्ट बदललेल्या मुलींचं आडनावच निराळं. क्रम बदलला तर सहसा चालतं, पण आडनाव वेगळं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला जोडावाच लागतो. मंगल कार्यालयाची पावती आणि पत्रिका पुरत नाही.

अर्ज कुठे करायचा, किती दिवस लागतात?

महाराष्ट्र आणि गोव्यातल्यांसाठी मुंबईचं जर्मन वाणिज्य दूतावास. अर्ज आता त्यांच्या ऑनलाइन पोर्टलवर भरता येतो. घाई असेल तर कंपनीला 'जलद प्रक्रिया' करायला सांगा. कंपनी इथल्या परदेशी नागरिक कार्यालयात 411 युरो भरते आणि पूर्वसंमती मिळवते. ती आल्यावर तीन आठवड्यांत भेटीची वेळ मिळते, आणि कागद पूर्ण असतील तर पुढच्या तीन आठवड्यांत साधारण निकाल लागतो.

नकार आला तर पूर्वी दूतावासाकडेच फेरविचाराचं पत्र देता यायचं. 1 जुलै 2025 पासून ती सोय बंद झाली. आता नव्याने अर्ज करायचा किंवा बर्लिनच्या न्यायालयात जायचं. म्हणून पहिलाच अर्ज चोख हवा.

बायकोला किंवा नवऱ्याला जर्मन यावं लागतं का?

ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला येण्याआधी भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही, आणि आल्यावर नोकरीही करता येते. पण शिका. नोकरी करता येणं आणि ती मिळणं यात फरक आहे, आणि घरी बसून कंटाळलेला जोडीदार हेच परत जाण्याचं मोठं कारण मी इथे बघते.

आल्याबरोबर काय?

दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी. त्यासाठी घरमालकाची सही असलेला कागद लागतो, म्हणून खोली ठरवतानाच विचारा. बँक, करक्रमांक सगळं त्यानंतर.

नोकरी बदलता येते का?

येते. पहिल्या बारा महिन्यांत बदललीत तर परदेशी नागरिक कार्यालयाला कळवावं लागतं आणि ते तीस दिवस थांबवून तपासू शकतात. कायम वास्तव्याचा परवाना 27 महिन्यांनी मिळतो, बी-1, म्हणजे मध्यम पातळीचं जर्मन असेल तर 21 महिन्यांनीच. सहा महिने वाचतात, तेव्हा संध्याकाळचा वर्ग लावाच.

आई-बाबांना कायमचं आणता येईल का?

हा प्रश्न सगळे शेवटी आणि हळू आवाजात विचारतात. कायद्याने, ज्यांना ब्लू कार्ड किंवा कुशल कामगार परवाना 1 मार्च 2024 किंवा त्यानंतर पहिल्यांदा मिळाला, त्यांना आई-वडील आणता येतात. जोडीदार इथेच राहत असेल तर सासू-सासरेही. अडतं ते आरोग्य विम्यापाशी. सरकारी विमा त्यांना सहसा घेत नाही, आणि सत्तरीच्या माणसाला खाजगी कंपन्या एक तर नाकारतात किंवा हप्ता इतका सांगतात की पगारातून झेपत नाही. आधी विम्याचं लेखी कोटेशन मिळवा, मगच घरी विषय काढा. बाबांना उगाच आशा लावू नका.

म्हणून बहुतेक जण पर्यटक व्हिसावरच बोलावतात: 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस, सोबत 30,000 युरोचा प्रवास विमा. खर्चाची हमी तुम्ही देणार असाल तर इथल्या परदेशी नागरिक कार्यालयातून 29 युरो भरून हमीपत्र घ्यावं लागतं, आणि त्याचं मूळ पत्र आई-बाबांकडे मुंबईला पोचायला हवं. मे-जूनमध्ये बोलवायचं असेल तर त्या कार्यालयाची वेळ जानेवारीतच घेऊन ठेवा. आणि नोव्हेंबरात तर बोलावूच नका. पाचच्या आत अंधार पडतो आणि आई साडेसहाला पानं घेऊन मोकळी होते.