परदेशात लँडस्केप करायला जाताय? आधी ओव्हलवर बसा

माझी स्कॉटलंडमधल्या एडिंबराची पहिली चित्रं पार कॅलेंडर झाली होती. सहाशे फोटो काढून आणले, घरी लॅपटॉपवर बघून रंगवले, आणि ज्या उजेडाला भुललो होतो तोच नेमका कुठे दिसेना. मोबाईलमधे सावल्या काळ्याकुट्ट येतात, आभाळ पांढरंफटक. त्यामुळे फोटो काढा बिनधास्त, पण खिडक्या मोजायला, रंगासाठी नाही.

जायच्या आधी महिनाभर तरी मुंबईच्या ओव्हल मैदानावर बसून समोरचा राजाबाई टॉवर (युनिव्हर्सिटीचा घड्याळाचा मनोरा) रंगवा, पोस्टकार्डाएवढा, वीस मिनिटांत एक. संध्याकाळी जा, सकाळी ऊन टॉवरच्या मागून येतं आणि नुसता काळा आकार दिसतो. (क्रिकेटवाल्यांपासून लांब बसा, माझी पॅलेट एकदा चेंडूने गेलीय.) राजाबाईच का, तर तो डिझाईन करणारा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधी आलाच नाही, इंग्लंडमधे बसूनच काम केलं, टॉवर १८७८ ला पूर्ण झाला, आणि एडिंबरातलं सेंट मेरीज कॅथिड्रल पण त्याचंच. म्हणजे एकाच माणसाची दोन गॉथिक (टोकदार कमानींची) कामं, एक कुर्ल्याच्या पिवळसर दगडात आपल्या दमट उन्हात, दुसरं तिकडच्या करड्या दगडात. दोन्ही स्टडी शेजारी ठेवल्या तेव्हा कळलं की मी तिथल्या सावलीतसुद्धा हाताला लागलेलं मुंबईचंच मिक्स मारलंय, अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना तपकिरी, डोळे बघतायत एक आणि हात करतोय भलतंच.

यावर उपाय म्हणजे स्केचच्या कडेला तिथल्या तिथे लिहायचं. सगळ्यात उजळ काय, सगळ्यात गडद काय, सावली गार की उबदार, आभाळ रस्त्यापेक्षा उजळ आहे का. बाजूला रंगाचे चार ठिपके पण. मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर, एडिंबरा ५६ वर, त्यामुळे जूनमधे तिकडे सूर्य रात्री दहाच्या आसपास मावळतो आणि तिरकं ऊन तासन् तास टिकतं, आपल्यासारखं झटकन अंधारत नाही. पण ढग मात्र कधी ऊन झाकतील सांगता येत नाही, म्हणून सावल्यांचे आकार आधी पकडून ठेवा, बाकी नंतर.

सामान कमी न्या. हाफ पॅन (जलरंगाच्या छोट्या वड्या), तीन ब्रश, ३०० जीएसएमचा जाड कागद कापून. ट्यूब केबिनमधे नेणार असाल तर लिक्विडच्या पाऊचमधे, कटर चेक-इनमधे. टर्पेंटाईन विमानात कुठेच चालत नाही, ऑईलवाल्यांनी तिकडेच घ्यावं.

परत आलात की आठ दिवसांत मोठी चित्रं सुरू करा, नंतर डोळ्यातला उजेड उतरतो. जुलैत आलात तर वॉश (पाणीदार रंगाचा पातळ थर) वाळता वाळत नाही, ओल्यावर दुसरा थर दिला की चिखल. फॅन लावा, चहा करा, थांबा. कोरा कागद सिलिका जेल टाकून बंद पिशवीत ठेवा, नाहीतर बुरशीचे डाग रंग दिल्यावरच दिसतात.

आणि फ्रेम करताना माउंट (चित्र आणि काच यांच्यामधली पुठ्ठ्याची चौकट) टाकायला सांगा. फ्रेमवाला पैसे वाचवायला नको म्हणेल, पण आपल्या हवेत काच थेट कागदाला लागली की चित्र तिला चिकटतं.