ब्विंडीत गोरिला पाहायला जाताना: परमिट, पोर्टर आणि तो एक तास

युगांडाच्या नैऋत्येला ब्विंडीचं जंगल आहे. 2018 च्या गणनेत इथे 459 पर्वतीय गोरिला आढळले. जगात ते हजाराच्या थोडेच वर उरलेत, आणि त्यातले सगळे इथे नाहीतर शेजारच्या विरुंगा डोंगररांगेत.

सुरुवात परमिटपासून करा, हॉटेलपासून नव्हे. युगांडा वाइल्डलाइफ अथॉरिटीचं परमिट परदेशी पर्यटकांना 2024 च्या जुलैपासून 800 डॉलरला पडतं. रवांडात हेच 1,500 डॉलर. एका गोरिला कुटुंबाकडे दिवसाला फक्त आठ जणांना सोडतात, त्यामुळे जून ते ऑगस्ट आणि डिसेंबर ते फेब्रुवारी या कोरड्या महिन्यांची परमिटं लवकर संपतात. चार-सहा महिने आधी घ्या.

परमिट अख्ख्या जंगलाचं नसतं, एका विभागाचं असतं: बुहोमा, रुहिजा, रुशागा किंवा न्कुरिंगो. सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. रुशागाचं परमिट आणि मुक्काम बुहोमाला, असं झालं तर मधे काही तासांचा घाटरस्ता आहे. सकाळी आठच्या सुमारास सूचना देऊन गट निघतात, उशिरा येणाऱ्यासाठी कुणी थांबत नाही. म्हणून विभाग ठरल्यावरच मुक्काम ठरवा. रवांडाची राजधानी किगालीहून येणार असाल तर रुशागा सोयीचं. युगांडाचा आंतरराष्ट्रीय विमानतळ असलेल्या एंटेबीहून रस्त्याने आठ ते दहा तास लागतात. न्कुरिंगोत आधी सरळ उतार आणि परतताना तीच चढण, गुडघे दुखत असतील तर ते टाळा. किगालीमार्गे जाताना सामानात प्लास्टिकच्या पिशव्या ठेवू नका, रवांडात त्यांवर बंदी आहे.

पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी हवी, प्रमाणपत्र त्याआधी ग्राह्य धरत नाहीत. ते युगांडात शिरताना लागतं आणि भारतात परत उतरतानाही; नसेल तर विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात जावं लागू शकतं. पासपोर्टसोबतच ठेवा. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा.

कपडे हिवाळी नकोत, पण अंग पूर्ण झाकणारे हवेत. जाड कापडाची पँट, लांब मोजे, पँटचे पाय मोज्यांत खोचलेले. हे दिसायला कसंही दिसो, खोचायचेच: सफारी मुंग्यांची रांग ओलांडताना त्या आत शिरल्या की चावून धरतात, एकेक उपटून काढावी लागते. हातात बागकामाचे जाड हातमोजे घाला, कारण घसरताना हात आपोआप जवळच्या झुडपाकडे जातो आणि ते बहुधा खाजकुयलीसारखं आग करणारं असतं. घोटा धरणारे, आधी वापरून मऊ झालेले बूट, रेनकोट (कोरड्या महिन्यातही), दोन लिटर पाणी आणि डबा. शाकाहारी असाल तर लॉजवर आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवा.

सह्याद्रीत मळलेली वाट असते, इथे नसते. गाईड कोयत्याने वाट काढतो आणि आपला पाय जमिनीवर नाही, वेलींच्या गादीवर पडतो. ती कुठे पोकळ आहे ते कळत नाही. जाण्याआधी दोन-तीन महिने आठवड्यातून दोनदा सिंहगड चढून उतरा, उतरण्याचा सराव जास्त महत्त्वाचा.

गोरिला रोज संध्याकाळी नवं घरटं करतात. माग काढणारे पहाटे आदल्या दिवशीच्या जागेवरून निघतात, घरटी शोधतात, तिथून ताज्या खुणांमागे जातात आणि गाईडला वॉकीटॉकीवर कळवतात. कुटुंब आदल्या दिवसापासून किती लांब गेलं यावर तुमची चाल ठरते: कधी अर्धा तास, कधी सहा तास. सूचना देताना प्रकृतीची विचारणा होते तेव्हा खरं सांगा, जवळच्या कुटुंबाचा गट मिळू शकतो. फुशारकी मारलीत तर आठही जण रखडतात.

पोर्टर घ्याच. साधारण 15 ते 20 डॉलर लागतात. पाठीवरचं ओझं जातं ते वेगळंच, निसरड्या उतारावर त्याचा हात मिळतो. शिवाय आजूबाजूच्या गावांत जंगलामुळे रोजगार आला, तरच जंगल टिकेल. अजिबात चालता न येणाऱ्यांना माणसं खुर्चीवर उचलून नेतात; वेगळे पैसे पडतात, आधी ठरवावं लागतं.

सर्दी, ताप, जुलाब असतील तर जाऊ नका, 800 डॉलर गेले तरी. आपली साधी सर्दी गोरिलांमध्ये न्यूमोनिया होऊन जीव घेऊ शकते. म्हणूनच मास्क आणि दहा मीटर अंतर. मास्क घामाने भिजतात, दोन-तीन न्या. वय किमान 15 हवं.

पिशवी, काठी आणि खाणं मागे ठेवूनच कुटुंबाजवळ जायचं, तिथून वेळ मोजली जाते: एक तास. फ्लॅश बंद. काळी फर पाहून कॅमेरा फोटो उजळवतो आणि ती राखाडी येते, म्हणून एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप कमी करा आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) 1600 च्या वर न्यायला कचरू नका. पहिली दहा मिनिटं मात्र कॅमेरा न काढता नुसतं पाहा. पिल्लू कुतूहलाने जवळ आलं तर हात लावू नका, हळूहळू मागे सरका. सिल्व्हरबॅक (पाठीवर चंदेरी केस असलेला प्रौढ नर) अंगावर धावून आला तर पळायचं नाही: खाली बसायचं, नजर जमिनीकडे, गाईड सांगेपर्यंत हलायचं नाही. बहुतेक वेळा ती हुलकावणीच असते, पळणाऱ्याचा मात्र तो पाठलाग करू शकतो.

डबा उघडायचा तो गोरिलांपासून दूर गेल्यावरच. आणि निम्मं पाणी राखून ठेवा, परतीची चढण बाकी असते.