टर्मिनलवरून चॅटवर अलर्ट पाठवताय? या चुका टाळा

रात्री, तपासायची परवानगी असलेल्या एका साइटवर सबडोमेन (मुख्य डोमेनखालचे पत्ते) शोधणारा स्कॅन लावून झोपलो. काही सापडलं की स्क्रिप्ट डिस्कॉर्ड या चॅट अॅपवर कळवणार होती. सकाळी तिथला चॅनेल कोरा. म्हटलं, काही मिळालं नसेल. दोन दिवसांनी सहज आउटपुटची फाइल उघडली, तर आत नव्या होस्टची (सर्व्हरच्या नावांची) लांबलचक यादी! सापडलं सगळं होतं, निरोप तेवढा पोचला नव्हता.

चूक स्क्रिप्टमध्ये होती. मेसेज पाठवतो कर्ल, म्हणजे टर्मिनलवरून वेबला विनंती करणारं टूल. सर्व्हरने ४०० ('विनंती चुकीची' हा कोड) देऊन मेसेज नाकारला तरी कर्ल एग्झिट कोड (काम संपल्यावरचा निकालाचा आकडा) शून्यच देतो, म्हणजे 'यशस्वी'. विनंती गेली, उत्तर आलं, त्याच्या लेखी काम फत्ते. त्याला 'फेल' हा पर्याय द्या, म्हणजे ४०० किंवा त्यावरचं उत्तर आलं की तो २२ देतो आणि स्क्रिप्टला कळतं.

मुळात नाकारलं का? डिस्कॉर्डच्या वेबहुकला (चॅनेलवर मेसेज टाकायच्या खास दुव्याला) एका मेसेजमध्ये २००० अक्षरं चालतात, टेलिग्रामच्या बॉटला ४०९६. माझी यादी त्याच्या कितीतरी पुढे. अशी यादी फाइल म्हणूनच जोडावी. जेसन (मेसेज ज्या साच्यात पाठवतात तो) हाताने चिकटवत असाल तर आउटपुटमधलं एक दुहेरी अवतरणचिन्हही घात करतं. ते काम जेक्यू या जेसनच्या टूलवर सोपवा. टेलिग्रामवर मार्कडाउन (चिन्हांनी अक्षरं ठळक-तिरकी करायची पद्धत) चालू असेल तर होस्टच्या नावातला एकटा अंडरस्कोरसुद्धा ४०० आणतो. अलर्टला नटवायचंय कशाला? साधा मजकूर पाठवा.

मेसेज येतात, पण तासाभराने, आणि तेही घोळक्याने? मग नेटवर्कला बोल लावू नका, पाइप (एका कमांडचं आउटपुट पुढच्या कमांडला देणारी जोडणी) बघा. ओळी शोधणारा ग्रेप टर्मिनलवर ओळ सापडताच दाखवतो, पण पुढे पाइप दिसला की ओळी साठवतो आणि बफर (तात्पुरता साठा) भरल्यावरच सोडतो. त्याला 'लाइन-बफर्ड' पर्याय द्या. मी यापायी एक अख्खी संध्याकाळ बॉटचं टोकन (गुप्त किल्ली) बदलून पाहण्यात घालवली आहे.

उलट त्रासही होतो. प्रोजेक्टडिस्कव्हरीचं नोटिफाय हे अलर्ट पाठवणारं टूल मुळात प्रत्येक ओळीचा वेगळा मेसेज करतं. पाचशे ओळी सोडल्या की ४२९ ('फार विनंत्या झाल्या' हा नकार) येऊ शकतो. 'बल्क' (सगळं एकत्र पाठवायचा पर्याय) वापरा, आणि त्याआधी जुन्या ओळी गाळणारं अॅन्यू लावून फक्त नव्या ओळी पुढे जाऊ द्या. रोज तेच पन्नास होस्ट दिसू लागले की माणूस चॅनेल म्यूट करतो, आणि एक्कावन्नावा तिथेच हुकतो.

स्क्रिप्ट हाताने चालते, क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सोयीत) नाही? क्रॉनचा पाथ, म्हणजे टूल्स शोधायच्या फोल्डरांची यादी, तोकडा असतो. गो भाषेतली टूल्स होम फोल्डरच्या गो/बिनमध्ये बसलेली असतात. टूलचा पूर्ण पाथ लिहा, विषय संपला.

आता गंभीर गोष्ट. वेबहुकचा दुवा म्हणजेच पासवर्ड. तो ज्याच्या हाती लागेल तो तुमच्या चॅनेलवर काहीही टाकू शकतो. स्क्रिप्ट गिटवर (कोडचा प्रत्येक बदल जपणाऱ्या सोयीवर) गेली असेल तर पुढच्या कमिटमध्ये दुवा पुसून भागत नाही, तो इतिहासात राहतोच. जुना वेबहुक रद्द करून नवा घ्या. टेलिग्रामचं टोकन बॉटफादर या टेलिग्रामच्याच बॉटकडून बदलून मिळतं. कॉन्फिगच्या फाइलला ६०० परवानगी (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) ठेवा. आणि साइटच्या मालकाला अजून न कळवलेल्या त्रुटीचा पूर्ण तपशील चॅटवर टाकूच नका. 'अमुक होस्टवर गंभीर, फाइल बघ' एवढं पुरे.

माझ्या स्क्रिप्टची शेवटची ओळ आता काही सापडो न सापडो, मेसेज पाठवतेच: 'स्कॅन संपला. नवीन: ०.' हा मेसेज सकाळी दिसला नाही तर चहाआधी लॉग उघडतो.